दामोदर कोसंबी : संशोधनाचे मोल आणि मोजमाप

मृगाचा पाऊस समाधानकारक झाला की सेनगाव तालुक्यातील काळ्या रानात सोयाबीनची पेरणी सुरू होते. बियाणे कोणत्या वाणाचे, त्याची उगवण किती, पिशवीचा भाव काय, एवढ्याच गोष्टींची चौकशी शेतकरी करतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या पिकाच्या गुणसूत्रांचे जे नकाशे जगभरच्या प्रयोगशाळांतून तयार झाले आहेत, त्यांपैकी पुष्कळ नकाशांतील अंतरे ज्या सूत्राने मोजली गेली, ते सूत्र १९४४ साली पुण्यातील एका गणिताच्या अध्यापकाने चार पानांच्या निबंधात मांडले होते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. हे अध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. शास्त्रीय वाङ्मयात हे सूत्र ‘कोसंबी फलन’ या नावाने ओळखले जाते.

मराठी वाचकाला कोसंबी परिचित आहेत ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासविषयक ग्रंथाने राजांच्या वंशावळींकडून उत्पादनाच्या साधनांकडे आणि समाजरचनेकडे अभ्यासकांचे लक्ष वळविले. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती संस्कृतज्ञांच्या आदरास पात्र झाली. परंतु त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आयुष्यभर गणिताचा होता. आज संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून ठरविण्याची प्रथा रूढ झाली आहे. अशा काळात कोसंबींच्या गणिती जीवनाकडे पुन्हा एकदा पाहणे उद्बोधक ठरेल. कारण उल्लेखांची गणना काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, या दोन्ही गोष्टींची साक्ष या एकाच आयुष्यात मिळते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा १९१८ साली दामोदर वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. शालेय शिक्षण तेथे पूर्ण करून त्यांनी हार्वर्डमध्येच प्रवेश घेतला आणि १९२९ साली सर्वोच्च गुणवत्तेसह बी.ए. ही पदवी संपादन केली. ही त्यांची पहिली आणि अखेरची पदवी होय. त्यांनी डॉक्टरेट मिळविली नाही, एम.ए.ही केले नाही. भारतात परतल्यावर ते काशी हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले. पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध भौतिकशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; त्याचा विषय लंबवर्तुळाकार कक्षेच्या सरकण्याचा होता.

१९३१ साली ते अलीगढ येथे गेले. आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती त्या वेळी तेथे होता आणि त्यानेच कोसंबींना बोलावून घेतले होते. याच सुमारास घडलेला एक प्रसंग संदर्भ देण्याच्या पद्धतीवरच प्रकाश टाकणारा आहे. एका सहकाऱ्याची खोड मोडावी म्हणून वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक निबंध लिहिला, आणि त्यात बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला. असा गणितज्ञ कधीच अस्तित्वात नव्हता. निबंध संयुक्त प्रांतातील विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात रीतसर छापून आला. पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथमालेसाठी बूर्बाकी हेच सामुदायिक टोपणनाव स्वीकारले, आणि विसाव्या शतकातील गणिताला वळण देणाऱ्या नावांत त्याची गणना होऊ लागली. गणिती म्हणून या नावाचा छापील उल्लेख प्रथम कोसंबींच्या निबंधात झाला असे मानले जाते. छापील संदर्भ दिसला की वाचक तो पडताळून न पाहताच स्वीकारतो, हे या विनोदाने सिद्ध केले. पुढे ज्या युगात संदर्भांचीच मोजदाद होणार होती, त्याला हा आगाऊ इशाराच होता असे म्हणता येईल.

अलीगढचा मुक्काम अल्पकाळाचा ठरला. कोसंबी पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकविले. वडील धर्मानंदांनीही पूर्वी याच महाविद्यालयात अध्यापन केले होते. सुसज्ज संशोधनसंस्थेचे पाठबळ नाही, हाताशी संशोधक विद्यार्थी नाहीत, तासिकांचे ओझे मात्र नित्याचे, अशी ही परिस्थिती होती. तरीही त्यांच्या नावाशी आज निगडित असलेले बहुतेक गणिती कार्य याच काळात किंवा त्याच्या आगेमागे झालेले आहे. १९३४ साली त्यांना मद्रास विद्यापीठाचे रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

या कार्यातील पहिला टप्पा भूमितीचा आहे. एखाद्या प्रणालीच्या गतीची समीकरणे दिली असता तिचे मार्ग ज्या अवकाशात आखले जातात, त्या अवकाशाची भूमिती कशी असते, हा प्रश्न कोसंबींनी १९३३ साली एका नामांकित जर्मन गणिती नियतकालिकातील निबंधात हाताळला. फ्रान्सचे ज्येष्ठ गणितज्ञ एली कार्तां यांनी त्याच नियतकालिकात त्या निबंधावर आपली टिपणी दिली. १९३९ साली चिनी गणितज्ञ चर्न यांनी हा विषय पुढे नेला. कोसंबी, कार्तां आणि चर्न या तिघांच्या नावांनी हा सिद्धांत ओळखला जातो. तो दीर्घकाळ मोजक्या तज्ज्ञांपुरता राहिला, आणि कोसंबींच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी जीवशास्त्रातील व भौतिकीतील प्रणालींचे स्थैर्य तपासण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दोन-चार वर्षांत त्याचे किती उल्लेख झाले एवढेच पाहणाऱ्याच्या हिशेबात हे काम नगण्यच ठरले असते.

दुसऱ्या टप्प्याचा उगम इतिहासात आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो विशेष लक्षपूर्वक पाहावा. संख्याशास्त्राचा एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाताळावा म्हणून कोसंबींनी तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांचे साठे निवडले. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते. टांकसाळीतून बाहेर पडताना एका जातीच्या सर्व नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे थोडेथोडे झिजते. त्यामुळे काळ जाईल तसे सरासरी वजन घटत जाते, आणि सगळी नाणी सारखीच फिरत नसल्यामुळे त्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते. आहत नाण्यांच्या मागील बाजूस पारख करणाऱ्यांनी उमटविलेल्या लहान खुणा असत. ज्या नाण्यावर अशा खुणा अधिक, ते अधिक काळ चलनात राहिलेले आणि वजनाने हलके, असा संबंध कोसंबींनी दाखविला. पडताळणीसाठी त्यांनी आपल्या काळातील चालू नाणीही हजारोंच्या संख्येने तोलून पाहिली. राजांची नावे नसलेल्या नाण्यांचा कालक्रम लावण्याची एक रीत त्यातून हाती आली. आकड्यावर विसंबण्यापूर्वी तो आकडा कोणत्या व्यवहारातून निर्माण झाला हे समजून घेतले पाहिजे, ही त्यांच्या अभ्यासाची शिस्त येथे स्पष्ट दिसते.

या अभ्यासात रुजलेल्या संख्याशास्त्रातून १९४३ आणि १९४४ सालचे दोन निबंध निर्माण झाले. दोहोंचे प्राक्तन मात्र अगदी भिन्न ठरले.

१९४३ सालचा निबंध भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात आला. यदृच्छेने बदलत राहणारी एखादी गुंतागुंतीची राशी घेतली, तर तिचे पृथक्करण परस्परांवर अवलंबून नसलेल्या साध्या घटकांत करता येते, आणि त्यांपैकी मोजकेच घटक घेऊनही मूळ राशीचे बरेचसे स्वरूप हाती येते, असा त्याचा आशय होता. जगात महायुद्ध पेटलेले होते. भारतीय नियतकालिकाकडे युरोपीय गणितज्ञांचे लक्ष जाण्याचे ते दिवस नव्हते. पुढे फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्समधील लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला आणि तो त्यांच्या नावांनी सर्वत्र रूढ झाला. १९६७ साली लमली या शास्त्रज्ञाने प्रक्षुब्ध प्रवाहाच्या अभ्यासात ही रीत आणली. संगणकाच्या युगात तर तिचा वापर सार्वत्रिक झाला. चेहऱ्याच्या छायाचित्रांची ओळख पटविणे असो, की प्रथिनाच्या रेणूतील हजारो अणूंच्या गोंधळातून त्या रेणूची प्रमुख हालचाल निवडून काढणे असो, याच जातीचे गणित कामाला येते. रेणूंच्या भौतिकीत काम करणाऱ्या ज्या संशोधकाच्या संगणकात हे गणित रोज चालते, त्याच्या निबंधाखालील संदर्भांच्या यादीत कोसंबींचे नाव बहुधा नसते. अलीकडे काही लेखक कोसंबींचे नाव त्या दोन नावांच्या आधी जोडू लागले आहेत, ही समाधानाची बाब होय. परंतु मधल्या अनेक दशकांतील उल्लेख कोणत्याही सूचीत त्यांच्या नावावर जमा होणार नाहीत.

१९४४ सालच्या निबंधाचे भाग्य याच्या उलट आहे. लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात तो आला. प्रश्न असा होता : एकाच गुणसूत्रावर दोन जनुके असली, तर पुढच्या पिढीत ती बहुधा एकत्र उतरतात, परंतु गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होऊन कधी कधी त्यांची ताटातूटही होते. शंभर संततींपैकी वीस संततींत अशी ताटातूट दिसली, तर दोन जनुकांमधील अंतर वीस मानावे काय? तसे मानता येत नाही. कारण दोन ठिकाणी अदलाबदल झाली तर जनुके पुन्हा एकत्र येतात आणि ती घटना नजरेतून निसटते. १९१९ साली हॉल्डेन यांनी एका अदलाबदलीचा दुसरीवर काहीच परिणाम होत नाही असे गृहीत धरून सूत्र दिले होते. त्यानुसार वरील उदाहरणातील अंतर सुमारे २५.५ येते. प्रत्यक्षात मात्र एका जागी अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी होण्याचा संभव कमी होतो, आणि अंतर वाढत जाईल तसा हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी ही वस्तुस्थिती सूत्रात आणली, आणि तेच अंतर सुमारे २१.२ ठरले. सूत्र सुटसुटीत, कागद-पेन्सिलीने सोडविता येण्याजोगे, आणि निसर्गाच्या व्यवहाराशी अधिक जुळणारे होते.

त्या काळी असे नकाशे थोडे होते आणि निबंधाचा गाजावाजा झाला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रेणूंच्या पातळीवरील खुणा वापरून पिकांचे व प्राण्यांचे जनुक-नकाशे झपाट्याने तयार होऊ लागले, तेव्हा या सूत्राची उपयुक्तता सर्वांच्या लक्षात आली. भात, गहू, मका, सोयाबीन अशा पिकांवरील हजारो शोधनिबंधांत त्याचा उल्लेख झालेला आहे. नकाशे करणाऱ्या संगणक-प्रणालींत तर हॉल्डेन की कोसंबी एवढाच पर्याय निवडावयाचा असतो. हे नाव निवडणाऱ्या सर्वांनीच ती चार पाने वाचली असतील असे नाही. त्यांचा कर्ता हाच मराठी वाचकांना परिचित असलेला इतिहासकार, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

तात्पर्य, एकाच लेखकाने, एकाच महाविद्यालयात, एका वर्षाच्या अंतराने लिहिलेल्या दोन निबंधांपैकी एकाच्या वाट्याला नाव आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला दीर्घकाळ केवळ काम आले. उल्लेखांच्या संख्येवरून निर्णय करणारा परीक्षक पहिल्याला थोर आणि दुसऱ्याला क्षुल्लक ठरवील. गणिताच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याची व्याप्ती पहिल्याहून कितीतरी मोठी आहे.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी नव्यानेच स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून पाचारण केले. पुण्यातील घर त्यांनी सोडले नाही. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करणारे हे विद्वान गृहस्थ त्या गाडीच्या नित्याच्या प्रवाशांना परिचयाचे झाले होते. इतिहासावरील त्यांचे प्रमुख लेखन याच वर्षांत झाले. भूमितीतील नव्या निबंधांची संख्या मात्र रोडावली. शांतता चळवळीत ते सक्रिय होते. भारतासारख्या देशाने अणुशक्तीपेक्षा सौरशक्तीकडे लक्ष द्यावे असे त्यांचे आग्रही मत होते, आणि ते त्यांनी लपवून ठेवले नाही. अणुशक्ती कार्यक्रमाचे सूत्रधार हेच संस्थेचे प्रमुख असल्यामुळे या मतभेदाला साहजिकच धार आली.

याच काळात त्यांच्या हातून एक गंभीर चूक झाली, आणि चरित्र प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ती झाकून चालणार नाही. मूळ संख्यांच्या वितरणाविषयी रीमान यांनी केलेले अनुमान हा गणितातील अत्यंत कठीण प्रश्नांपैकी एक. संभाव्यतेच्या मार्गाने तो सुटतो असा कोसंबींचा विश्वास बसला, आणि १९५९ साली कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांनी आपली सिद्धता प्रसिद्ध केली. अशा विषयाची पारख करणारे तज्ज्ञ त्या नियतकालिकाकडे असण्याचे कारण नव्हते. गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही आणि कोसंबींच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२ साली संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. यामागे ही चूक किती, वैचारिक मतभेद किती आणि त्यांचा तिखट स्वभाव किती, याविषयी लिहिणाऱ्यांत एकमत नाही. ज्या माणसाने तीन भिन्न शास्त्रांत टिकाऊ भर घातली होती, त्याच्या कार्याचा ताळेबंद मांडताना त्या घडीला समोर होती ती अखेरची फसलेली नोंद, एवढे मात्र खरे.

पुढे १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद स्वरूपाचे संशोधकपद दिले आणि पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत ते काम करू लागले. शेवटच्या वर्षांतील काही गणिती निबंध त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या सूचींतून संशोधकाचे श्रेय मोजले जाते, त्यांतून त्यांनी स्वतःच आपले नाव काढून घेतले. २९ जून १९६६ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. शास्त्रीय उल्लेखांची पद्धतशीर सूची अमेरिकेत गार्फील्ड यांनी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली ती १९६४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे. संशोधकाची उंची एकाच आकड्यात सांगणारा हिर्श यांचा निर्देशांक तर २००५ साली आला. कोसंबींचे विखुरलेले निवडक गणिती निबंध रासायनिक भौतिकीचे अभ्यासक राम रामस्वामी यांनी संपादित केले आणि २०१६ साली ते ग्रंथरूपाने उपलब्ध झाले, तेव्हा मृत्यूला ५० वर्षे लोटली होती.

या चरित्राचा आजच्या अध्यापकाशी निकटचा संबंध आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक कामगिरीचे गुणांक ठरवून दिले. पुढे नियम अनेकदा बदलले, तरी निबंध किती, कोणत्या यादीतील नियतकालिकात आणि त्यांचे उल्लेख किती, ही विचारणा पदोन्नतीच्या अर्जातून गेलेली नाही. तालुक्याच्या गावी शिकविणारा प्राध्यापकही तिला अपवाद नाही. मागणी निर्माण झाली की पुरवठा होतोच. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके निघाली, परस्परांचा उल्लेख करण्याचे संकेत रूढ झाले, आणि बूर्बाकीचा विनोद ज्या दुबळेपणावर बोट ठेवून गेला, त्याचाच व्यापार झाला. दुसरीकडे, केवळ बी.ए. असलेले कोसंबी आज साध्या सहायक प्राध्यापकाच्या पदालाही पात्र ठरले नसते.

म्हणून गणनाच नको, असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. गणनेचा अव्हेर केला तर ओळख, वशिला आणि जात यांचा तराजू मोकाट सुटतो, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे. शिवाय स्वतः कोसंबी आकड्यांचे वैरी नव्हते. आयुष्यभर त्यांनी मोजदादच केली. परंतु नाण्याच्या पाठीवरील खुणा मोजताना त्या कोणी, केव्हा आणि कशासाठी उमटविल्या याचा विचार त्यांनी कधी सोडला नाही. उल्लेख ही तशीच पारख्याची खूण आहे. ती असली म्हणजे ते नाणे बाजारात फिरले एवढे कळते. त्यात चांदी किती हे कळण्यासाठी नाणे तोलावेच लागते. संशोधनाच्या बाबतीत तोलणे याचा अर्थ एकच, तो म्हणजे निबंध वाचणे. निवड समितीने, विद्यापीठाने आणि सहकाऱ्यांनी हे कष्ट घेतले, तर चार पानांतील सोने हाती लागेल आणि कीर्तिमान माणसाची चूकही वेळीच ध्यानात येईल. ते टाळून केवळ आकडे जुळवीत राहिलो, तर पुढचा कोसंबी एखाद्या लहान महाविद्यालयात तासिका घेत असूनही आपल्याला ओळखता येणार नाही.